लाळग्रंथीच्या पेशी वाढवताना या चुका टाळा

डिश पेशींनी भरली म्हणजे कल्चर (प्रयोगशाळेत पेशी वाढवणं) जमलं, असं नाही. त्या पेशी लाळग्रंथीच्याच आहेत का आणि लाळेचं काम करण्याजोग्या राहिल्या आहेत का, हे वेगळं तपासावं लागतं.

सपाट प्लास्टिकवर ॲसिनर पेशी, म्हणजे लाळ तयार करणाऱ्या पेशी, आपले गुण लवकर सोडतात. अमायलेज (पिष्ट पचवणारं एन्झाइम) आणि ॲक्वापोरिन-५ (पेशीतून पाणी जाऊ देणारं प्रथिन) घटतं, केराटिन-१९ या प्रथिनासारख्या, लाळ वाहून नेणाऱ्या नलिकेच्या खुणा वाढतात. म्हणून शक्य तितक्या सुरुवातीच्या पॅसेजमध्ये (पेशी नव्या डिशमध्ये हलवण्याच्या फेरीत) प्रयोग करा; रचना टिकवायची असेल तर मॅट्रिजेलसारखा (पेशींभोवतीच्या प्रथिनांचा जेल) त्रिमितीय आधार द्या. मॅट्रिजेल मात्र बर्फावरच हाताळा, नाहीतर ऊब लागून पिपेटमध्येच घट्ट होतं. ग्रंथी कोणती हेही विसरू नका. जिभेखालची ग्रंथी मुख्यतः श्लेष्मल (चिकट स्राव देणारी) असते, तिथे अमायलेज कमी दिसलं म्हणून कल्चर फसलं असं नव्हे. कार्बाकोल (लाळस्राव चेतवणारं रसायन) दिल्यावर पेशीतलं कॅल्शियम वाढलं तरी लगेच खूश होऊ नका, नलिकेच्या पेशीही तसा प्रतिसाद देऊ शकतात.

पेशी मिळतच नसतील तर बहुधा कोलॅजिनेज (ऊती सुटी करणारं एन्झाइम) जास्त वेळ ठेवलेलं असतं. ऊतीचे छोटे पुंजके सुटले की थांबा. एकेकटी पडलेली एपिथेलियल (ग्रंथीच्या अस्तराची) पेशी आधाराविना मरते.

लांबट, टोकदार पेशी पसरू लागल्या तर ते फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीच्या नको असलेल्या पेशी. माध्यमातलं सीरम (रक्तातला पोषक द्रव) कमी करा. ट्रिप्सिन (पेशी डिशपासून सोडवणारं एन्झाइम) थोडाच वेळ दिलं तर आधी तेच सुटतात, त्यांना धुऊन टाकता येतं.

माध्यम गढूळ झालं की जिवाणू कळतात. मायकोप्लाझ्मा हा अगदी लहान जिवाणू तसा दिसत नाही. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनही चालत नाही, त्यामुळे त्याचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी नियमित करा.

तयार सेल लाइन (सतत वाढवत ठेवलेल्या पेशींचा एकच वंश) घेणाऱ्यांची चूक सर्वांत महागात पडते. एचएसजी ही लाइन वर्षानुवर्षं मानवी लाळग्रंथीची म्हणून वापरली गेली. डीएनए तपासणीत ती हेला निघाली, म्हणजे १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून वाढवलेल्या पेशी! २००९ मध्ये लाळग्रंथीच्या ॲडिनॉइड सिस्टिक कर्करोगाच्या म्हणवल्या जाणाऱ्या सहा लाइन तपासल्या, तर त्यांतली एकही खरी ठरली नाही. अशा लाइनवरचे जुने शोधनिबंध आजही वाचायला मिळतात, तेव्हा नाव पाहून लाइन निवडू नका. कुपी आली की गोठवून साठवण्याआधीच एसटीआर प्रोफाइल (पेशींची डीएनए ओळख) काढा आणि चुकीच्या लाइनच्या आंतरराष्ट्रीय यादीत नाव आहे का ते पाहा.