ध्वजदिनाच्या सत्काराची तयारी, आणि आधी मानपत्र

७ डिसेंबरला आपल्या चाळीत परत ध्वजदिनाचा कार्यक्रम आहे, स्पेशल फोर्सेसच्या जवानांच्या घरच्यांचा सत्कार, म्हणून लिहून ठेवतेय. हॉल, माईक, खुर्च्या हे मंडळाच्या पोरांना सांगावं लागत नाही.

पहिलं मानपत्र. निवेदक जे वाचणार ते आधी घरच्यांना दाखवायचं, अख्खं, शब्द न् शब्द. मागच्या वेळी मी एका शहीद जवानाच्या शौर्यपदकाचं सायटेशन, म्हणजे पराक्रमाचं सरकारी वर्णन, जसंच्या तसं वाचायला दिलं, त्यात गोळ्या कुठे लागल्या, तरी कसे लढत राहिले सगळं होतं, आणि पहिल्या रांगेत त्यांची आठ वर्षांची मुलगी फ्रॉकला कागदी झेंडा लावून बसलेली. तिला एवढंच माहीत की बाबा लढताना गेले. ती मोठ्याने आईला विचारायला लागली, वहिनी तिला घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसल्या. चूक माझी, एक फोन करायचा राहिला.

युनिट नीट लिहा, सगळ्यांना सरसकट ब्लॅक कॅट करू नका. मार्कोस नौदलाचे, गरुड हवाई दलाचे, पॅरा एसएफ आर्मीचे, एनएसजी, म्हणजेच ब्लॅक कॅट, गृहखात्याखाली. २६/११ ला ताजमध्ये आधी मार्कोस शिरले, एनएसजी नंतर आली, मेजर संदीप उन्नीकृष्णन तेव्हा एनएसजीत पण मूळ ७ बिहारचे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २१ पॅरा एसएफचे, पण २०१५ ला कुपवाड्यात शहीद झाले तेव्हा ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. अंदाजाने लिहू नका, घरच्यांना विचारा, आणि विचाराल तेव्हाच मानपत्रही दाखवा.

सध्या नोकरीत असलेल्याचं नाव, फोटो फ्लेक्सवर अजिबात नको, फेसबुक लाइव्ह तर नाहीच. त्याला परत ड्युटीवर जायचंय, मागे घरी आई-बायको असतात. पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी नाही.

दारात ओवाळणाऱ्या बायकांशी आधी बोला. वीरपत्नी समोर आली की कुंकवाचं बोट अडखळतं, आणि तिला ते दिसतं. सगळ्यांसारखंच तिलाही लावा, नको असेल तर ती सांगेल. तिने नवऱ्याचं पदक उजव्या बाजूला लावलं असेल तर ते बरोबरच आहे, कोणी सरळ करायला जाऊ नये.

वीरमातेला दोन तास स्टेजवर बसवायचं नाही. भाषणं दोनच. पाकीट स्टेजवर नको.

आणायला-सोडायला गाडी, रविवार असला तर मेगाब्लॉक बघा. ध्वजनिधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, पावती घ्या. चहा-नाश्ता नेहमीचा.

मानपत्र दाखवलं का? त्यांनी हो म्हटलं की मगच छापायला टाका.