ट्रॅव्हल: पावलं मोजण्याआधी चेंडू कधी धरला ते पाहा

सोलापुरात बास्केटबॉलच्या पंचगिरीकडे येणारे बहुतेक जण आजी-माजी खेळाडू असतात, नाहीतर बी.पी.एड. करणारे. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुलामुलींचे सामने एकामागून एक लागतात, पंच कमी पडतात आणि टेबलावर गुण लिहिणाऱ्याच्या हातात कधीतरी शिट्टी येते. फाऊलचे निर्णय हळूहळू जमू लागतात. खरा गोंधळ होतो तो ट्रॅव्हलवर, म्हणजे चेंडू हातात धरून मर्यादेपेक्षा जास्त पावलं टाकण्यावर. कडेला उभी पोरं मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत काहीही ओरडत असोत, 'ट्रॅव्हल' हा शब्द सगळ्यांचा एकच. त्या आरड्याला घाबरून शिट्टी वाजवायची नसेल तर नियम पायात नव्हे, हातात सुरू होतो हे आधी पक्कं करा.

ट्रॅव्हल होतो तो चेंडू धरलेला असतानाच. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) चालू असताना खेळाडूने दोन दणक्यांमध्ये किती पावलं टाकली याला मर्यादा नाही. एखादा चपळ मुलगा चेंडू पुढे ढकलून चार-पाच ढांगा मारतो, तेव्हा बाकावरून हमखास ओरडा होतो. तिथे शिट्टी नाही. पास झेलताना चेंडू हातातून निसटला आणि खेळाडू त्याच्यामागे धावला, तर त्या पावलांचाही हिशेब नाही, कारण चेंडू अजून त्याच्या ताब्यातच आलेला नाही. चेंडू दोन्ही हातांत पकडला किंवा एका हातावर विसावला, तो क्षण टिपा. मोजणी तिथून.

आता ले-अप, म्हणजे धावत येऊन बास्केटजवळून मारलेला शॉट. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, 2017 च्या ऑक्टोबरपासून नियम बदलला आणि वाद तिथेच अडकलाय. धावता धावता चेंडू ताब्यात येतो त्या क्षणी जो पाय जमिनीवर असतो, तो मोजायचा नाही. पंच त्याला झिरो स्टेप म्हणतात. उजवा पाय खाली असताना चेंडू धरला, मग डावा, मग उजवा आणि उडी मारून शॉट: डोळ्याला तीन पावलं दिसतात, नियमाने दोनच. आपल्याकडे अनेक मार्गदर्शक जुन्या नियमावर घडलेत आणि मनापासून चिडतात. "अहो पंच, तीन पावलं सरळ दिसतायत!" अशा वेळी आवाज न चढवता एका वाक्यात सांगा, "सर, चेंडू धरला तेव्हा पहिला पाय आधीच खाली होता." एवढं पुरतं. सामना थांबवून नियमाची शिकवणी घ्यायची नाही.

झिरो स्टेपची सवलत मिळाली म्हणून सगळं चालतं असंही नाही. तोच पाय लागोपाठ दोनदा टेकता येत नाही. डावा पाय खाली असताना चेंडू धरला आणि लंगडी घातल्यासारखं पुन्हा डाव्यावरच उतरला, तर तो ट्रॅव्हल. मोबाईलवर एनबीएच्या क्लिप बघून पोरं स्टेप-बॅक, म्हणजे मागे सरकून मारायचा शॉट, शिकतात, त्यात हे वारंवार होतं. युरो स्टेपमध्ये मात्र एक पाऊल इकडे, दुसरं तिकडे पडतं, म्हणून ती संशयास्पद दिसते इतकंच. दोन पावलं कोणत्या दिशेला पडावीत याचं बंधन नियमात नाही.

माझं ठाम मत असं की आपल्या सामन्यांत नको त्या शिट्ट्या ड्राइव्हच्या, म्हणजे ड्रिबल करत बास्केटकडे घेतलेल्या धावेच्या, शेवटी वाजतात आणि हव्या त्या सुरुवातीला सुटतात. खेळाडूने उभ्या जागी चेंडू घेतलाय, दोन्ही पाय जमिनीवर आहेत. एक पाय उचलला की दुसरा पिव्हट ठरला, म्हणजे जागेवर रोवलेला, ज्यावर फक्त फिरता येतं तो पाय. आता ड्रिबल सुरू करायचा तर पिव्हटचा पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. घाईत असलेला खेळाडू आधी झेप घेतो, मग चेंडू टाकतो. उभ्या खेळाडूला झिरो स्टेप नाही, तरी "नवीन नियमात चालतं" असं म्हणून हे सोडून दिलं जातं. त्याचा बचाव करणाऱ्यावर हा खरा अन्याय, कारण ते अर्धं पाऊल वाचवायला तो जिवाचं रान करत असतो. धावत पास झेलला असेल तर झिरो स्टेप मिळते, पण ड्रिबल करायचा असेल तर दुसरं पाऊल टेकण्याआधी चेंडू सुटायला हवा.

पिव्हटचा पाय उचलला की लगेच ट्रॅव्हल, हा आणखी एक पक्का गैरसमज. शॉट किंवा पास करण्यासाठी तो पाय उचलता येतो. चेंडू हातात असताना तो परत टेकला तर उल्लंघन. बास्केटजवळचा उंच खेळाडू फसवा शॉट दाखवतो, बचाव करणाऱ्याच्या बगलेतून दुसरा पाय पुढे टाकतो, पिव्हट उचलतो आणि चेंडू सोडतो. ही सुंदर, कायदेशीर चाल आहे. शिट्टी मारून ती मोडू नका.

दोन्ही पायांवर एकदम थांबणाऱ्याकडेही लक्ष हवं. ते दोन पाय पहिलं पाऊल असतील तर कोणताही पाय पिव्हट करता येतो. आधी एक पाय टेकला, त्यावरून उडी घेतली आणि मग दोन्ही पाय एकदम टेकले, तर पिव्हट उरत नाही.

आपली बरीच मैदानं उघडी, सिमेंटची. दुपारपर्यंत धूळ बसते आणि बूट सरकतात. चेंडू घेऊन पडणं आणि पडून घसरत जाणं हे उल्लंघन नाही. चेंडू धरून लोळलं किंवा उठायचा प्रयत्न केला तर आहे. सामन्याआधी मैदान झाडून घ्यायला आयोजकांना जरूर सांगा, पोरांचे गुडघेही वाचतात.

थ्रो-इन करणाऱ्याला, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकणाऱ्याला, ट्रॅव्हल लागतच नाही. त्याचा नियम वेगळा: 5 सेकंद, बाजूला एकूण 1 मीटरपर्यंत हालचाल (बास्केट झाल्यावरच्या थ्रो-इनला ही मर्यादा नाही), मागे जागा असेल तेवढं.

सवयीचं सांगायचं तर पास हवेत असतानाच घेणाऱ्याच्या पायांकडे नजर न्या आणि पिव्हट कोणता ते मनात म्हणा. सराव चालू असताना दोन्ही संघांचे ले-अप बघून ठेवा. कोण कोणत्या पायावर चेंडू धरतो ते कळतं. दोन पंचांचा सामना असेल तर जोडीदाराच्या भागातली पावलं लांबून मोजू नका. आणि पिव्हट दिसलाच नसेल तर अंदाजाने शिट्टी नको. दिसला असेल तर मात्र उशीर न करता वाजवा: उघडा पंजा वर, छातीसमोर मुठी फिरवा, दिशा दाखवा आणि जिथे घडलं त्याच्या जवळून थ्रो-इन द्या.