डॉक लावलाय, पण मॉनिटर काळाच?

इंदूरला रामबागेतल्या घरी जीएसटीच्या कामासाठी मी डेस्कटॉपला डॉक (एका केबलवरून मॉनिटर, कीबोर्ड, पेनड्राइव्ह जोडायचा डबा) लावून दोन मॉनिटर जोडले. दुसऱ्यावर ‘नो सिग्नल’. दोन दिवस केबलला शिव्या घातल्या. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, “बटण चालू आहे ना गं?” होतं हो!

घोळ टाइप-सी पोर्टचा होता. लॅपटॉपचं ते पोर्ट बऱ्याचदा चित्र पाठवतं, डेस्कटॉपचं पुष्कळदा नुसता डेटाच. मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्याच्यापुढे ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ (म्हणजे त्या पोर्टातून चित्र पाठवायची सोय) असं काही लिहिलंय का, ते आधी बघा. नसेल तर केबल बदलत बसू नका. डिस्प्लेलिंक चिपचा डॉक घ्या नि त्याचा ड्रायव्हर टाका. तो साध्या यूएसबीवरूनही चित्र नेतो. मी तेवढा खर्च केला नाही. मॉनिटर सरळ ग्राफिक्स कार्डाला (डेस्कटॉपमधलं चित्राचं वेगळं कार्ड) जोडला, डॉक कीबोर्ड नि पेनड्राइव्हपुरता ठेवला. कार्डालाच हं, मदरबोर्डच्या एचडीएमआयला नाही; कार्ड असलं की ते बऱ्याचदा बंदच असतं.

पोर्ट बरोबर असूनही अंधार असेल, तर डॉकचा अडॅप्टर काढा, अर्धा मिनिट थांबून परत लावा. मग विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. मॉनिटरच्या मेनूत इनपुटही बघा.

चित्र आलं, पण फोर-केवर माउस अडखळतोय? डॉकचं एचडीएमआय जुन्या १.४ आवृत्तीचं असेल. ते फोर-के चित्र ३० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३० वेळांच्या, वर नेत नाही. ६० हवे तर २.० लागतं.