डेटाबेसमधले फोटो वेबपेजवर दाखवायचे कसे

समजा गोव्यातल्या फोंड्याकडच्या एखाद्या मंडळाची वेबसाईट करताय, चवथीला (गणेश चतुर्थीला) घरोघरी गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून बांधलेल्या माटोळ्यांचे फोटो लोक अपलोड करणार आणि ते सगळे एका पानावर दिसायला हवेत. फोटो मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलात गेले, आता पीएचपीने ते पानावर कसे आणायचे? इथे बरेच जण टेबलातून आलेला डेटा सरळ एचटीएमएलमध्येच एको करतात, म्हणजे छापतात, आणि मग पानभर चौकटी, प्रश्नचिन्हं आणि काहीच्या काही अक्षरं. ब्राउझर फोटो पानासोबत घेत नाही हो, तो आधी एचटीएमएल वाचतो, इमेज टॅग दिसला की त्यातल्या पत्त्यावर वेगळी रिक्वेस्ट पाठवतो, आणि तिथून त्याला फक्त फोटोचे बाईट हवे असतात. म्हणून पान दाखवणारी फाईल वेगळी आणि फोटो देणारी वेगळी ठेवायची, सगळी मेख इथेच आहे.

आधी टेबल. आयडी, शीर्षक, माईम टाईप (फाईल कुठल्या प्रकारची ते, उदाहरणार्थ image/jpeg) आणि फोटो एवढे कॉलम पुरे. फोटोच्या कॉलमला साधा ब्लॉब (फाईलचे बाईट ठेवायचा कॉलम टाईप) देऊ नका, त्यात फक्त 65,535 बाईट मावतात आणि मोबाईलचा फोटो आरामात काही एमबीचा असतो. मिडियमब्लॉब घ्या, 16 एमबीपर्यंत जागा. कॉलम छोटा पडला आणि सर्व्हरवर स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारं सेटिंग) बंद असेल तर मायएसक्यूएल जादाचा भाग कापून टाकतं आणि नुसती वॉर्निंग देऊन गप्प बसतं, मग पानावर वरची नारळाची पेंड (घड) आणि सुपारीचे घोस नीट दिसतात आणि खाली गणपतीच्या जागी राखाडी पट्टा! असं दिसलं की कोड नंतर, आधी कॉलमचा टाईप बघा. फोटो मोठा असल्यामुळे इन्सर्टच फेल होत असेल तर मॅक्स अलाउड पॅकेट (max_allowed_packet) हे मायएसक्यूएलचं सेटिंग तपासा.

आता फोटो देणारी फाईल, तिला फोटो डॉट पीएचपी म्हणू. पत्त्यातून आयडी घ्या, इंटिजर करा, पीडीओच्या (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) प्रिपेअर्ड स्टेटमेंटने तेवढीच एक रो काढा. रो नसेल तर 404 देऊन थांबा. असेल तर कंटेंट-टाईप हेडरमध्ये टेबलातला माईम टाईप पाठवा, मग फोटोचा कॉलम एको करा आणि एक्झिट. बस्स, दुसरं काही छापायचं नाही, पीएचपी टॅगच्या आधी एक रिकामी ओळ राहिली किंवा एडिटरने फाईल बीओएमसकट (फाईलच्या सुरुवातीला येणारे न दिसणारे बाईट) सेव्ह केली तरी फोटो तुटतो.

फोटो आला नाही तर पानावर डोळे लावून बसू नका, फोटो डॉट पीएचपीचा पत्ता आयडीसकट सरळ ब्राउझरमध्ये उघडा आणि कंटेंट-टाईपची ओळ तात्पुरती कमेंट करा, पीएचपीची एरर असेल तर वाचता येईल.

पानावरच्या क्वेरीत फक्त आयडी आणि शीर्षक मागवा, सिलेक्ट स्टार अजिबात नको, नाहीतर यादी दाखवायला सगळ्या फोटोंचं ओझं उगाच मेमरीत येतं. लूपमध्ये प्रत्येक रोसाठी इमेज टॅग, सोर्समध्ये फोटो डॉट पीएचपी आणि तो आयडी, आणि लोडिंगला लेझी, म्हणजे स्क्रोल करून जवळ आल्यावरच फोटो मागवला जातो. बेस64 करून, म्हणजे बाईटचं साध्या अक्षरांत रूपांतर करून, फोटो एचटीएमएलमध्येच घालता येतो, पण साईज साधारण 33 टक्के वाढते आणि फोटो वेगळा कॅशही होत नाही, त्यामुळे छोट्या आयकॉनपुरतंच ठीक.

अपलोडकडे मात्र नीट लक्ष द्या, लोकांच्या घरातले फोटो आहेत. जीपीएस चालू असलेल्या मोबाईलच्या फोटोत एक्झिफमध्ये (फोटोच्या फाईलमध्येच साठवलेली माहिती) लोकेशन असू शकतं, म्हणजे कोणाचं घर नेमकं कुठे ते कोणालाही कळतं. जीडी या पीएचपीच्या इमेज लायब्ररीने फोटो लहान करून, समजा 1200 पिक्सेल रुंद, परत जेपेग सेव्ह केला की एक्झिफ निघून जातो आणि साईजही उतरते. फक्त त्याआधी एक्झिफमधलं ओरिएंटेशन वाचून फोटो फिरवून घ्या, नाहीतर उभी माटोळी आडवी पडेल. टाईप ओळखायला फाईलच्या नावावर विश्वास नको, पीएचपीचं फाईलइन्फो वापरा. आयफोनचे एचईआयसी फॉरमॅटमधले फोटो क्रोममध्ये दिसत नाहीत, ते आधी जेपेग करून घ्यावे लागतात.

माझं मत विचाराल तर काहीशे छोटे फोटो असतील तर डेटाबेस बरा, बॅकअपला एकच डंप घेतला की माहिती आणि फोटो दोन्ही सोबत येतात. हजारांत गेले किंवा ओरिजिनल साईज ठेवायची असेल तर फाईल डिस्कवर आणि टेबलात फक्त पाथ. डेटाबेसमध्येच ठेवणार असाल तर फोटो डॉट पीएचपीमधून कॅश-कंट्रोल हेडरही पाठवा, मॅक्स-एज 86400 म्हणजे एक दिवस, म्हणजे चवथीच्या दिवसांत तेच पान पुन्हा पुन्हा उघडणाऱ्यांसाठी सर्व्हरला दरवेळी तोच फोटो टेबलातून काढावा लागणार नाही.