विकर्स मशीनगन कशी ओळखायची, फोटोत असो की म्युझियममधी

जुन्या मशीनगन सगळ्या सारख्याच दिसत्यात असं लै जणांला वाटतं, पण विकर्स एकदा नीट बघितली की परत चुकत नाही. फक्त सुरुवात पाण्यापासून करायची.

आमच्या आष्टीच्या विहिरीवर जुनं वॉटर कूलिंगचं डिझेल इंजिन होतं. आजोबा इंजिन चालू केलं की आधी कूलिंगच्या पाईपातून पडणाऱ्या पाण्याखाली हात धरायचे, कोमट लागलं की मगच बांधावर जाऊन बसायचे, कारण पाणी थांबलं की इंजिन जाम. विकर्समधीपण हेच सूत्र हाय. बॅरलभोवती जो जाडजूड पत्र्याचा नळा दिसतो ना ती बॅरल नाही, ते पाण्याचं जॅकेट, साधारण 4 लिटर पाणी मावतं त्यात आणि खरी बॅरल आत पाण्यात बुडलेली असती. बऱ्याच गनच्या जॅकेटवर लांब उभ्या पन्हाळ्या असत्यात, नंतरच्या काळातली गुळगुळीत, म्हणून नुसत्या पन्हाळ्या बघून ठरवू नका.

आता पुढच्या टोकाजवळ बघा, तिथून रबरी नळी निघून खाली एका डब्यात जाती. गोळीबार सलग चालला की तीनेक मिनिटात पाणी उकळायला लागतं, मग ती वाफ नळीतून डब्यातल्या पाण्यात जाऊन थंड व्हायची आणि तेच पाणी परत जॅकेटात ओतायचे. हा डबा कशाला, तर एकतर वाफ दिसली की शत्रूला जागा कळायची, आणि दुसरं म्हणजे रणांगणावर पाणी आणायचं कुठून. ज्यांनी 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय त्यांला त्या डब्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मग मागं या. उभ्या दोन मुठी आणि मधी अंगठ्यानं दाबायचा ट्रिगर. अमेरिकन ब्राउनिंगला पिस्तुलासारखी एकच मूठ असती, तिथंच फरक कळतो. रशियन मॅक्सिम बहुतेक छोट्या चाकांवर दिसती, जर्मन एमजी 08 घसरगाडीसारख्या स्टँडवर, विकर्स मात्र ट्रायपॉडवर. कापडी पट्टा उजवीकडून आत जातो, एका पट्ट्यात 250 गोळ्या. हिराम मॅक्सिमनी 1884 ला काढलेल्या गनचीच ही हलकी केलेली आवृत्ती, 1912 ला ब्रिटिश आर्मीत आली ती थेट 1968 पर्यंत टिकली. हलकी म्हणलं तरी पाण्याशिवाय 15 किलोच्या आसपास, ट्रायपॉड वेगळा, त्यामुळं एका गनमागं सहा माणसं लागायची.

अहिल्यानगरच्या रणगाडा म्युझियमला गेलात तर रोल्स-रॉइस आर्मर्ड कारपशी जरा थांबा, त्या चिलखती गाड्यांच्या टरेटात, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, हीच गन असायची.

आणि म्युझियम लांब पडत असंल तर गावातल्या एखाद्या महार रेजिमेंटच्या रिटायर फौजीकडं जा. ही रेजिमेंट 1941 ला बेळगावला उभी राहिली, 1946 ला मशीनगन रेजिमेंट झाली. आमच्या गल्लीतल्या सुभेदार काकांनी टोपीवरचा बिल्ला काढून माझ्या तळहातावर ठेवला होता, एकमेकांवर आडव्या दोन गन आणि मधी खंजीर, त्या दोन्ही गन विकर्सच.