जुन्या पीसीत ग्राफिक्स कार्ड बसवायचंय? आधी झाकण उघडून बघा

मागच्या उन्हाळ्यात भाच्याचा परभणीहून फोन, "मामा, सेकंडहँड कार्ड घेतलं, बसवलं, पण डिस्प्लेच येईना!" त्याचं काय चुकलं ते पुढं सांगतो, पण खरं सांगायचं तर निम्मी लोकं कार्ड घेताना चुकतात, बसवताना नाही.

म्हणून पैसे द्यायच्या आधी कॅबिनेटचं झाकण काढा. मदरबोर्डावर (आतला मोठा सर्किट बोर्ड) सीपीयूच्या, म्हणजे फॅनखालच्या प्रोसेसर चिपच्या, खाली जो लांबलचक स्लॉट दिसतो तो पीसीआय एक्सप्रेस एक्स१६, ग्राफिक्स कार्ड तिथंच. बारके स्लॉट एक्स१ चे, वायफाय नाहीतर लॅन कार्डासाठी. बारकं कार्ड लांब स्लॉटमधे चालतं, लांब कार्ड बारक्यात जात नाही. जुन्या बोर्डावरचा पांढरा पीसीआय स्लॉट वेगळाच, त्याच्या नादी लागू नका. पीसीआय एक्सप्रेसच्या ३.० व्हर्जनचं कार्ड ४.० च्या बोर्डात चालतं, उलटंही चालतं, फक्त स्पीड कमी असेल त्याचा मिळतो.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, इथं लई जण कंजुषी करतात. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनची वायर आणखी ७५ देते, ८ पिनची १५०. कार्डावर पिनचा सॉकेट असेल आणि तुमच्या एसएमपीएसला तशी वायरच नसेल तर कन्व्हर्टरचे जुगाड करू नका, एसएमपीएस बदला. सीपीयूची ८ पिनची वायर दिसायला तशीच असते पण ती कार्डाला लावायची नाही, कार्डाची बहुतेक ६+२ अशी फुटलेली असते. जाईना म्हणून दाबत बसू नका.

बसवताना पीसी बंद करा, प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जातो. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की अंगात स्टॅटिक वीज साचते, तेव्हा आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. धूळ असेल तर अंगणात नेऊन ब्लोअर मारा, पण फॅन बोटानं धरून, नाहीतर तो भन्नाट फिरतो अन खराब होतो.

कॅबिनेटच्या मागं स्लॉटसमोरच्या पत्र्याच्या पट्ट्या काढा, कार्ड कडेनं धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. सरळ खाली दाबा, स्लॉटच्या शेवटाचा खटका 'टक्' वाजला पाहिजे. मग स्क्रू, मग पॉवरची वायर.

आता भाच्याची चूक: मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्याच पोर्टात राहिली होती! ती कार्डाच्या पोर्टात लावली अन स्क्रीन आली, मग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकले. तरी येत नसेल तर प्लग काढून कार्ड अन रॅम परत काढा, त्यांच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, बुरा झटका अन पुन्हा बसवा.