दोन राज्यांच्या सरकारी वीज कंपन्यांची तुलना कशी करावी

कोणत्या राज्याची वीज वितरण कंपनी सुधारली, हे ठरवताना खासगीकरण झाले की नाही, यापासून सुरुवात करू नये. ओडिशाने १९९६ मध्ये देशात सर्वप्रथम वीज मंडळाचे विभाजन केले, १९९९ मध्ये वितरणही खासगी हातांत दिले, तरी २०१५ मध्ये नियामक आयोगाला तीन कंपन्यांचे परवाने रद्द करावे लागले. दिल्लीत मात्र २००२ च्या खासगीकरणानंतर गळती झपाट्याने उतरली, आणि गुजरातने २००५ मध्ये मंडळ विभागूनही मालकी सरकारकडेच ठेवली, तरी तेथील कंपन्या सातत्याने वरच्या श्रेणीत राहिल्या.

म्हणून आधी ‘तांत्रिक व वाणिज्यिक हानी’चा आकडा काढावा. कंपनीने १०० युनिट वीज घेतली, ८५ युनिटचे बिल केले आणि बिलाच्या रकमेपैकी ९० टक्के वसूल झाली, तर पैसे ७६.५ युनिटचेच आले, हानी २३.५ टक्के.

यानंतर त्या ८५ युनिटांकडे बारकाईने पाहावे, कारण खरी मेख तिथेच आहे. अनेक कृषिपंपांना मीटर नसतो. त्यांचे बिल अश्वशक्तीवर निघते आणि वापर अंदाजाने धरला जातो. हा अंदाज फुगवला की चोरी आणि गळतीचे युनिट शेतकऱ्याच्या नावावर जातात व कंपनी कागदावर कार्यक्षम ठरते. शेतकऱ्यावर होणारा हा मोठा अन्याय आहे, असे मला वाटते. आयोगाच्या वीजदर आदेशात मीटर नसलेल्या पंपांचा दर अश्वशक्तीमागे धरलेला वापर सापडतो. तो मीटर असलेल्या पंपांशी ताडून पाहावा. गुजरातने २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत शेतीच्या वाहिन्या गावठाणापासून वेगळ्या केल्या, त्यामुळे तेथे निदान वाहिनीवरचे मोजमाप हाती येते.

राज्य सरकारने कंपनीला स्वस्त विजेपोटी जाहीर केलेले अनुदान आणि प्रत्यक्ष मिळालेले अनुदान वेगवेगळे लिहावे. वितरण कंपन्यांना कर्जातून सोडवण्यासाठी केंद्राने आणलेल्या ‘उदय’ योजनेत सामील झालेल्या राज्यांनी कंपन्यांच्या सप्टेंबर २०१५ अखेरच्या कर्जातील ७५ टक्के वाटा स्वतःकडे घ्यायचा होता, त्यामुळे त्यानंतरची व्याजातील घट हे कंपनीचे कर्तृत्व समजू नये.

शेवटी ग्राहक पाहावेत. मुंबईचा बराचसा भाग महावितरणकडे नाहीच, उलट मराठवाड्यातील पंपांची थकबाकी तिच्याच माथी येते. तेव्हा मराठवाड्यातील परिमंडळांची तुलना सुरत परिसरातील औद्योगिक ग्राहक असलेल्या दक्षिण गुजरात कंपनीशी न करता सौराष्ट्र सांभाळणाऱ्या पश्चिम गुजरात कंपनीशी करावी.